नैरोबी ते टांझानिया, आईबाबांसह: व्हिसा, पिवळं कार्ड आणि बाकी कागदपत्रं

अथीकाठचा
नमस्कार मंडळी. आम्ही नैरोबीत राहतो. सगळ्यांचे पासपोर्ट भारतीय. माझं क्लास डी वर्क परमिट आहे, बायको आणि आठ वर्षांची मुलगी डिपेंडंट पासवर. डिसेंबरात साताऱ्याहून आईबाबा येतायत (बाबा ६८, आई ६३). बेत असा की थोडे दिवस नैरोबी, मग आपल्याच गाडीने नमांगा या सीमेवरच्या गावामार्गे अरुशा, सेरेंगेटी आणि गोरोंगोरो, शेवटी झांझिबार. तिथून परत नैरोबी आणि मग आईबाबा मुंबईला.

ऑफिसातले केनियन सहकारी म्हणतात, एवढा विचार कसला करतोस, उठायचं आणि जायचं. त्यांचं ठीक आहे, पूर्व आफ्रिकी समुदाय या शेजारी देशांच्या गटामुळे केनियाच्या नागरिकांना टांझानियाचा व्हिसाच लागत नाही. आम्हाला नक्की काय काय लागेल? केनियाचा रहिवासी म्हणून काही सवलत मिळते का? आणि आईबाबांना यलो फीवरची (डासांमुळे होणाऱ्या पीतज्वराची) लस घ्यावीच लागेल का? ट्रॅव्हल एजंट म्हणतो गरज नाही, केनिया विचारत नाही.

जाणकारांनी प्रकाश टाकावा. आगाऊ धन्यवाद.

दारचे काका
दार-एस-सलाममध्ये बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून लिहितो.

पहिली गोष्ट, केनियाचं परमिट टांझानियात व्हिसासाठी उपयोगाचं नाही. २०१४ मध्ये केनिया, युगांडा आणि रवांडा या तिघांनी मिळून एकच पर्यटक व्हिसा काढला: १०० डॉलर, ९० दिवस, तिन्ही देशांत ये-जा. टांझानिया त्यात नाही. त्यामुळे तुम्हा पाचही जणांना टांझानियाचा वेगळा व्हिसा. साधा पर्यटक व्हिसा भारतीयांना ५० डॉलर, एक प्रवेश. ऑनलाइन काढा, प्रत्येकाचा वेगळा अर्ज, मुलीचाही. अर्जात प्रवेशाचं ठिकाण विचारतात, तिथे नमांगा निवडा.

दुसरी गोष्ट फार महत्त्वाची. शोधयंत्रात टांझानिया व्हिसा असं टाकलं की वर येणाऱ्या अर्ध्या साइट दलालांच्या असतात. झेंडा, राजमुद्रा, सगळं हुबेहूब, आणि ५० च्या जागी दुप्पट-तिप्पट उकळतात. पत्त्याच्या शेवटी 'गो डॉट टीझेड' आहे का बघायचं. केनियाचं 'गो डॉट केई', युगांडाचं 'गो डॉट यूजी'. शेपटी वेगळी दिसली की खिडकी बंद.

सुलभा_कंपाला
काकांनी सांगितलेल्या १०० डॉलरच्या व्हिसाबद्दल एक पुरवणी. आईबाबांसाठी कुणी तो सुचवला तर घेऊ नका. तो ज्या देशाने दिला त्याच देशातून आधी शिरावं लागतं आणि तीन देशांच्या बाहेर पाऊल टाकलं की संपतो. म्हणजे केनियातून टांझानियाला गेलात की ९० दिवसांतले कितीही उरलेले असोत, व्हिसा बाद. तुमच्या बेतात तो बसतच नाही. नैरोबी, कंपाला, किगाली असा बेत असता तर उत्तम.

आईबाबांना केनियासाठी नेहमीचा ईटीए (ऑनलाइन प्रवास परवानगी) काढा. जानेवारी २०२४ पासून केनियाने व्हिसाची पद्धत बदलून ईटीए आणलाय. तुम्ही बोलावताय म्हणून तुमचं निमंत्रण पत्र आणि परमिटची प्रत जोडा. तुम्हा तिघांना परत येताना ईटीए लागत नाही, परमिट आणि पास पुरतात. फक्त फॉरेनर सर्टिफिकेटचं कार्ड (परदेशी रहिवाशाचं ओळखपत्र) पाकिटात असू द्या.

डॉ. कोरांटी
यलो फीवरबद्दल लिहिते, कारण एजंटचं उत्तर अर्धवट आहे.

केनिया विचारत नाही हे खरं, पण ते मुंबईहून थेट येणाऱ्याला. भारतात यलो फीवर नाही, म्हणून भारतातून आलेल्याची केनियाला काळजी नाही. केनियात मात्र तो आजार आहे. आईबाबा केनियात राहून टांझानियात शिरतील तेव्हा टांझानियाच्या लेखी ते साताऱ्याहून आलेले नसतात, केनियातून आलेले असतात. तिथे ही लस घेतल्याचं प्रमाणपत्र, म्हणजे पिवळं कार्ड, मागणार. आणि भारतात परततानाही मागणार. आपल्याकडे हा आजार पसरवणारा डास भरपूर, आजार नाही, त्यामुळे भारत याबाबतीत फार कडक आहे. कार्ड नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात.

हे सगळीकडे लक्षात ठेवा. व्हिसाला पासपोर्ट कुठला ते बघतात, लशीला तुम्ही येताय कुठून ते बघतात. एजंट लोकांची गल्लत इथेच होते.

लस प्रवासाच्या किमान १० दिवस आधी हवी, त्याआधी कार्ड ग्राह्य धरत नाहीत. एकदा घेतली की आयुष्यभर पुरते. ११ जुलै २०१६ पासून हा नियम आहे, आणि आधी १० वर्षांची मुदत लिहिलेली जुनी कार्डंही त्यात चालतात. पुन्हा टोचून घेऊ नका.

आता वय. साठीनंतर पहिल्यांदाच ही लस घेणाऱ्यांत गंभीर दुष्परिणामांचं प्रमाण थोडं जास्त असतं. याचा अर्थ देतच नाहीत असं नाही, पण डॉक्टरशी बोलून ठरवायचं. जिवंत विषाणूची लस आहे. बाबा स्टेरॉइड किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं घेत असतील, अंड्याची तीव्र ॲलर्जी असेल, थायमस ग्रंथीचा आजार झाला असेल तर आधी सांगा. लस देता येत नसेल तर तसं वैद्यकीय सूट प्रमाणपत्र मिळतं. पण ते दाखवलं की प्रश्न मिटला असं समजू नका, शेवटचा निर्णय समोरच्या आरोग्य अधिकाऱ्याचा असतो.

आगाऊ_कार्टं
पिवळं कार्ड नैरोबीत न टोचता पण मिळतं म्हणे, थोडे शिलिंग दिले की. 😀

डॉ. कोरांटी
मिळत असेल. ६८ वर्षांच्या माणसाच्या हातात खोटा वैद्यकीय कागद देऊन त्याला सीमेवर उभं करायचं की नाही, हे ज्याचं त्याने ठरवावं. वर संरक्षण शून्य. गंभीर यलो फीवरला नेमकं औषध नाही, लस हाच उपाय आहे. या विषयावर विनोद नको.

आगाऊ_कार्टं
बरं बरं, मागे घेतो.

खोपोली_एक्स्प्रेस
एक तर्क. आईबाबांना आधी मुंबईहून थेट दार-एस-सलामला आणलं, म्हणजे आधी टांझानिया आणि मग केनिया, तर? टांझानियात शिरताना ते भारतातूनच आलेले असतील. लस टळेल ना?

डॉ. कोरांटी
टांझानियाच्या दारात टळेल. पण परतीचं विमान नैरोबीहून, म्हणजे मुंबईत आरोग्य काउंटरवर तोच प्रश्न. क्रम बदलून लस टळत नाही, फक्त कुठे विचारतील ते बदलतं. लस जमतच नसेल तर केनिया पूर्ण वगळून फक्त टांझानियात भेटा. तेव्हाही मुंबईहून निघताना विमान कुठे थांबतंय ते बघा. यलो फीवरच्या देशातल्या विमानतळावर १२ तासांपेक्षा जास्त मुक्काम झाला की टांझानिया कार्ड मागतो. अदिस अबाबामार्गे स्वस्त तिकीट घेणाऱ्यांनी मधला थांबा मोजावा.

साळुंखी
साताऱ्यात लस मिळणार नाही, अधिकृत केंद्रावरच घ्यावी लागते. मुंबईत विमानतळ आरोग्य कार्यालय आणि जे. जे. रुग्णालय आहे, गोव्यात मुरगाव बंदराचं आरोग्य कार्यालय. थेट जाऊन उभं राहू नका. एका कुपीत अनेक डोस असतात आणि कुपी फोडल्यावर सहा तासांत संपवावी लागते, म्हणून ठरलेल्या वारी, नाव नोंदवलेल्यांनाच टोचतात. डिसेंबरच्या आधी गर्दी. दिवाळीनंतर बघू म्हणालात तर राहिलं.

आणि मूळ पासपोर्ट न्या. कार्डावर पासपोर्ट क्रमांक आणि नाव पासपोर्टप्रमाणे अक्षरन् अक्षर लिहून घ्या. आपल्याकडे बायकांच्या नावात माहेर-सासर असा घोळ असतो, सीमेवरच्या माणसाला तो कळत नाही आणि कळून घ्यायची त्याला गरजही वाटत नाही.

अथीकाठचा
केवढी माहिती! एजंटला इथल्या प्रतिसादांची प्रत पाठवतोय.

बाबांना रक्तदाब आहे, बाकी काही नाही. त्यांच्या डॉक्टरांशी या आठवड्यात बोलतो. आमची तिघांची कार्डं आहेत, नैरोबीला येतानाच घेतली होती.

आता गाडीबद्दल कुणी सांगेल का? गाडी माझ्या नावावर आहे पण बँकेचं कर्ज अजून फिटलेलं नाही. आणि मासाई मारा बघून तिथूनच थेट सेरेंगेटीत उतरता येईल का? नकाशावर तर एकाच जंगलात मधोमध रेघ दिसते.

रिफ्टमधला_रव्या
त्या रेघेवर बोलोगोंजा नावाचं फाटक आहे. १९७७ मध्ये जुना पूर्व आफ्रिकी समुदाय मोडला तेव्हा सीमा बंद झाली. पुढे बाकीची सीमा उघडली, बोलोगोंजा पर्यटकांना बंदच राहिलं. विल्डबीस्ट दरवर्षी लाखांनी ओलांडतात, माणसाने मात्र इसेबानियाला नाहीतर नमांगाला वळसा घालायचा. विल्डबीस्टना ना व्हिसा ना पिवळं कार्ड!

तुमच्या बेताला नमांगाच बरं. नैरोबीपासून साधारण १६५ किमी, तिथून अरुशा ११० च्या आसपास, रस्ता छान. दोन्ही देशांचे अधिकारी एकाच इमारतीत बसतात. जाताना सीमेपलीकडच्या इमारतीत केनियातून निघाल्याचा आणि टांझानियात शिरल्याचा, दोन्ही शिक्के लागोपाठ मिळतात. एका काउंटरवरून पुढच्यावर जायचं विसरू नका. घाईत एक शिक्का राहून गेलेले लोक मी पाहिलेत आणि तो राहिल्याचं परत येताना कळतं, तोपर्यंत सुट्टीचा मूड गेलेला असतो.

गाडीला मूळ लॉगबुक (मालकीचा कागद) लागतं. कर्ज असेल तर ते बँकेकडे असणार, म्हणून गाडी देशाबाहेर न्यायला हरकत नाही असं बँकेचं पत्र आधी मागवा, त्याला वेळ लागतो. केनियाचा विमा टांझानियात चालत नाही, त्यासाठी कोमेसा यलो कार्ड घ्यायचं. तुमची विमा कंपनीच देते. टांझानियाने कोमेसा हा आफ्रिकी देशांचा व्यापारी गट सोडलाय, पण या विमा योजनेत तो आहे. म्हणजे तुमच्याकडे दोन प्रकारची पिवळी कार्डं असतील, माणसांची वेगळी आणि गाडीचं वेगळं. काउंटरवर भलतंच पुढे करू नका. सीमेवर गाडीचा तात्पुरता प्रवेश परवानाही करावा लागतो, त्याची मुदत बघून घ्या.

खरं सांगू? गाडी नैरोबीतच ठेवा. परदेशी पाटीच्या गाडीला टांझानियाच्या उद्यानांत वेगळा, डॉलरमधला दर लागतो, आणि गोरोंगोरोच्या विवरात उतरणारा रस्ता ६८ वर्षांच्या बाबांना मागे बसवून स्वतः चालवण्यासारखा नाही. नैरोबी-अरुशा शटल बस घ्या आणि अरुशाहून तिथलीच गाडी ड्रायव्हरसकट ठरवा.

दारचे काका
रव्याशी पूर्ण सहमत.

झांझिबारचं राहिलं. ते टांझानियाचाच भाग, व्हिसा तोच. पण तिथलं सरकार बऱ्याच बाबतींत स्वायत्त आहे. मुख्य भूमीवरून बोटीने किंवा विमानाने गेलात तरी तिथे पासपोर्ट बघतात, तो हॉटेलच्या तिजोरीत ठेवून जाऊ नका. शिवाय १ ऑक्टोबर २०२४ पासून परदेशी पाहुण्यांना झांझिबारच्या सरकारी विमा महामंडळाचा प्रवास विमा सक्तीचा आहे. मोठ्यांना ४४ डॉलर. तुम्ही पुण्या-मुंबईत काढलेला विमा कितीही भारी असला तरी हा घ्यावाच लागतो. ऑनलाइन आधी काढा.

पैशांबद्दलही बोलतो. पूर्वी इथे डॉलर सर्रास चालायचे. मार्च २०२५ पासून देशातल्या देशात परकीय चलनात किंमत लावायला आणि पैसे घ्यायला बंदी आली आहे. त्यामुळे टपऱ्या, टॅक्सी, जेवणखाण सगळं टांझानियाच्या शिलिंगमध्ये. जवळ डॉलर ठेवायचेच तर नोटा नव्या ठेवा. २००६ च्या आधीची किंवा जरा फाटकी नोट कुणी हातात धरत नाही.

सुलभा_कंपाला
आणि तुमच्या आईंना फोन करून सांगा की चिवडा-चकल्या प्लास्टिकच्या पिशव्यांत भरू नका. केनियात २०१७ पासून आणि टांझानियात २०१९ पासून प्लास्टिकच्या कॅरीबॅगवर बंदी आहे. डबे किंवा कापडी पिशव्या. टांझानियात साबण-शांपूची चेनवाली छोटी पिशवी चालते, पण ती परत घेऊन जायची.

किगालीतला_एकटा
अवांतर: पुढच्या वेळी इकडे या. रवांडात भारतीयांना, राष्ट्रकुलातला देश म्हणून, ३० दिवसांचा व्हिसा विमानतळावर फुकट मिळतो. आफ्रिकन युनियनच्या नागरिकांनाही तसंच.

खोपोली_एक्स्प्रेस
व्हिसा फुकट आणि गोरिला बघायचं परमिट १५०० डॉलर. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला.

किगालीतला_एकटा
हे मात्र खरं. युगांडात तेच ८०० ला आहे, सुलभाताई खूश. आणि १५ वर्षांखालच्या मुलांना दोन्हीकडे सोडत नाहीत, त्यामुळे तुमची लेक सध्या वाचली. म्हणजे बाप वाचला.

लागोस_लोखंडे
अवांतरात माझी भर. आपण भारतीय कुरकुरतो, पण आफ्रिकन माणसाचं आफ्रिकेत फिरणं बघा. अलिको डांगोटे, खंडातला सर्वांत श्रीमंत माणूस, २०२४ मध्ये किगालीच्या व्यासपीठावर म्हणाला की मला आफ्रिकेत फिरायला ३५ व्हिसा लागतात, आणि शेजारी बसलेल्या फ्रेंच उद्योगपतीला माझ्याहून कमी त्रास होतो. आफ्रिकन युनियनने मुक्त संचाराचा करार २०१८ मध्ये केला. तो लागू व्हायला १५ देशांची मंजुरी हवी, आणि मंजुरी देणारे एका हाताच्या बोटांवर मोजावेत इतकेच.

त्यामानाने पश्चिम आफ्रिका पुढे. इकोवास या तिथल्या देशांच्या गटात १९७९ च्या करारापासून नागरिकांना ९० दिवस व्हिसाशिवाय जाता येतं. माझा नायजेरियन ड्रायव्हर शनिवारी घानात अक्राला मेहुणीच्या लग्नाला जाऊन सोमवारी कामावर हजर, आणि मी त्याच अक्राच्या मीटिंगसाठी व्हिसाच्या रांगेत. तरी आता माली, बुर्किना फासो आणि नायजर जानेवारी २०२५ मध्ये इकोवासमधून बाहेर पडलेत. दुसरीकडे घानाने त्याच महिन्यात सगळ्या आफ्रिकन पासपोर्टांना व्हिसा माफ करत असल्याचं जाहीर केलं. एक दार बंद, एक उघडं, असं चाललंय.

प्रिटोरियाची_प्राची
लहान मुलं घेऊन फिरणाऱ्यांसाठी. मुलीच्या जन्मदाखल्याची प्रत, इंग्रजीतली, आई-वडील दोघांची नावं असलेली, कायम बरोबर ठेवा. दक्षिण आफ्रिकेने २०१५ मध्ये याची सक्ती केली होती, २०१९ नंतर परदेशी पाहुण्यांसाठी ती सैल झाली. तरी एकच पालक बरोबर असेल तर दुसऱ्याचं संमतीपत्र जवळ असलेलं बरं. आपल्याकडे आईचं आडनाव वेगळं असणं नवं नाही, पण सीमेवर त्यावरून प्रश्न येतात. आजी-आजोबा एकटे नातीला घेऊन चालले असतील तर दोघांचं पत्र.

आणि केनियात राहणारे कुणी इकडे येणार असतील तर पिवळं कार्ड इथेही लागतं. पासपोर्टात दोन पानं कोरी असलेली बरी.

अथीकाठचा
प्राचीताई, धन्यवाद. मुलीच्या दाखल्यावर नाव मराठीत आहे. इंग्रजी प्रतीसाठी भावाला पालिकेत पाठवतो.

आता शेवटची शंका. आईबाबांचा ईटीए एकाच प्रवेशाचा. टांझानियाहून परत नैरोबीत आणायचं तर पुन्हा सगळा खटाटोप का?

सुलभा_कंपाला
त्यांना परत आणताच कशाला? झांझिबारहून दार, दारहून थेट मुंबई. येण्याचं तिकीट नैरोबीचं, जाण्याचं दारचं. नैरोबीत पुन्हा शिरण्याचा प्रश्नच उरत नाही, आणि दोन म्हाताऱ्या माणसांचा एक अख्खा दिवस विमानतळावर जायचा वाचतो. मुंबईत पासपोर्टात केनियाचा शिक्का दिसतो, त्यामुळे पिवळं कार्ड हातातच असू द्या, चेक-इनच्या बॅगेत नको.

दारचे काका
उत्तम तोडगा. झांझिबार-दार बोट दोनेक तासांची आहे, आईंना समुद्र लागत असेल तर विमान घ्या. दारला एक रात्र थांबणार असाल तर आमच्याकडेच उतरा. व्यनि (खासगी निरोप) करतो.

अथीकाठचा
काका, काय बोलू! नक्की येतो.

ठरलं. गाडी नैरोबीत, अरुशापर्यंत शटल, आईबाबांची परतीची तिकिटं दारहून. बाबांच्या डॉक्टरांशी आत्ताच बोलणं झालं, रक्तदाब ताब्यात आहे आणि लस घ्यायला त्यांची हरकत नाही. दोघांची नावनोंदणी मुंबईत करतोय. आई विचारतेय की लशीनंतर उपास चालतो का.

डॉ. कोरांटी
चालतो. पण टोचायला जाताना उपाशीपोटी नको. आणि दोन-चार दिवस कणकण येऊ शकते, घाबरू नका. ताप चढला किंवा उतरेना तर मात्र डॉक्टरांना दाखवा. दोघांपैकी कुणाला दुसरी एखादी लस द्यायचं चाललं असेल तर तेही त्याच भेटीत विचारून घ्या. दोन जिवंत लशी एक तर एकाच दिवशी, नाहीतर चार आठवड्यांच्या अंतराने.

रिफ्टमधला_रव्या
शटलचं तिकीट काढताना सगळ्यांची पासपोर्टवरचीच नावं द्या. आणि ई-व्हिसाची छापील प्रत घ्या, प्रत्येकाची वेगळी. फोनमध्ये आहे म्हणालात तरी नमांगाला कागदच मागतात, आणि तिथलं नेटवर्क केनियाचं पकडायचं की टांझानियाचं या गोंधळात फोनच लटकतो.